वाडग्यातला सम्राट

नाक जुळलं तर हनुवटी जुळेना. चष्मेवाल्यांनी भिंग बदललं, दिवा जवळ ओढला आणि हातातलं रोमन काशाचं नाणं पुन्हा सूचीतल्या चित्रांशेजारी धरलं. नीरो म्हणावा तर मान जाड नाही. हेड्रियन म्हणावा तर दाढीचा पत्ता नाही. व्हेस्पेशियनचं नाक असंच पोपटाच्या चोचीसारखं, पण त्याची हनुवटी सज्ज्यासारखी पुढे आलेली. या गृहस्थांची हनुवटी सुरू व्हायच्या आतच गळ्यात संपत होती. शिवाय कानाखाली चामखीळ.

"अहो, बाबांचं काय ठरवलंत?" बायकोनं विचारलं. "हयातभर लोकांच्या दातांना धातूच्या टोप्या ओतून दिल्या. आता एकटेच शिळंपाकं खातात."

"आपल्या लग्नाला त्यांनी पाऊल टाकलं नाही. मी आजवर त्यांचं तोंड पाहिलं नाही आणि पाहणारही नाही. दिव्याच्या आड येऊ नकोस."

ती बाजूला झाली.

नाणं निघालं होतं खिडकीतल्या वाडग्यातून. मातीनं माखलेली नाणी चष्मेवाले ढिगानं विकत घेत, तेलात भिजत घालत आणि सुईनं कोरून साफ करत. यावेळी एक नाणं जास्त वाटलं होतं, पण मोजताना बायको मध्येच बोलली होती. त्याला व्हिनेगरचा वास येत होता. विकणाऱ्यानं आगाऊपणानं त्यात धुतलं असेल, दुसरं काय. कडेला केसासारखी रेघ होती, म्हणजे ठोकलेलं नव्हे, साच्यात ओतलेलं. त्यावरही उत्तर तयार होतं: रोमन लोकही कधीमधी ओतत.

संग्रहालयातल्या बाई म्हणाल्या, वजन बरोबर, अक्षरं झिजलेली, हा कोण ते देव जाणे. नाणेमंडळातला मित्र म्हणाला, सम्राटाचा आचारी असेल. चष्मेवाल्यांचं डोकं भणभणलं. इतिहासाला ठाऊक नसलेला सम्राट आपल्याला सापडला, असं ते मंडळात छाती ठोकून सांगून बसले होते.

शेवटी त्यांनी बायकोलाच विचारलं. एवढी वेळ आली होती.

"तुला कोण वाटतो?"

तिनं नाणं डोळ्यांपाशी नेलं, अंगठ्यानं हलकेच पुसलं.

"चेहरा मायाळू आहे."

"सम्राट आहे तो. चार गावं जाळली असतील."

"याला नक्की ओळखेल असं एक माणूस आहे माझ्या माहितीत. पण वय झालंय. आणलं तर राहायची सोय करावी लागेल."

"राहू दे की. याचं नाव जो खात्रीनं सांगेल, त्याला मी मरेपर्यंत या घरात ठेवीन. उशाला पाणीसुद्धा मीच नेऊन ठेवीन."

"शब्द फिरवाल."

"फिरवला तर सगळी नाणी गटारात ओत."

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दोन चटचट, दोन थांबत थांबत. चष्मेवाल्यांनी स्वतः खुर्ची पुसली, नाणं मखमलीवर मांडलं, दार सताड उघडलं आणि पाहुण्यांच्या हातातली बोचकी आधी आत नेऊन ठेवली.

"या, या. आपलीच वाट पाहत होतो. घर आपलंच समजा."

म्हातारबुवांनी धापा टाकत टोपी काढली आणि खुंटीला अडकवायला ते बाजूला वळले. खिडकीतलं ऊन त्यांच्या कानाखालच्या चामखिळीवर पडलं, बाकदार नाकावरून घसरलं आणि हनुवटीवर टेकायला गेलं, तर तिथं हनुवटीच नव्हती.

"बाबा," बायको मागून म्हणाली, "यांना नाव सांगा."