दत्तारामाच्या खिडक्या

दत्ताराम नारळ घेऊन सत्यवतीच्या घरापुढच्या खळ्यात उभा होता आणि ती त्याला बस म्हणत नव्हती.

"वयनी, तुझा गाऱ्हाणा मागे घी. नातीक माझ्या श्वास मिळना नाय."

सत्यवतीने सुपातली सुकट पाखडणं थांबवलं नाही. हा दिवस उजाडावा म्हणून तिने दोन वर्षं वाट पाहिली होती. शेजाऱ्याने एका हाताने नारळ पुढे केला खरा, पण दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल लावलाच होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते खोटं नाही.

"माझे बांबू खंय आसत?" तिने विचारलं.

बांबू दत्तारामानेच काढायला लावले होते. त्याची नात आरोही खोकू लागली, तेव्हा कणकवलीच्या डॉक्टरांनी घरातल्या धुळीची ॲलर्जी सांगितली. ही धूळ शेजारणीच्या सुक्या माशांची, हे दत्तारामाने स्वतःच ठरवलं. गावातली चार वजनदार माणसं घेऊन तो आला आणि सत्यवतीच्या सासूच्या वेळेपासून उभे असलेले मासे सुकवायचे बांबू एका सकाळीत उपटले गेले. तेव्हापासून ती माशांच्या पाट्या डोक्यावर घेऊन पार समुद्राकाठच्या पुळणीच्या टोकाला जात होती. त्याच संध्याकाळी तिने ग्रामदैवत रवळनाथासमोर नारळ ठेवून, सगळ्यांच्या देखत गाऱ्हाणं घातलं होतं. ज्याने माझा वारा बंद केला, त्याच्या घरातला वारा बंद होऊ दे.

आणि पोरीचा खोकला वाढतच गेला. भिंतीपलीकडून तो ऐकू आला की सत्यवतीला बरं वाटायचं. मासे गेले, खोकला गेला का, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची.

सूप खाली ठेवून ती उठली. "चल. आधी पोरीक बघतंय."

खोलीत एसी चालू होता. खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्टी लावलेली होती, माशाचा वास आत येऊ नये म्हणून. सात वर्षांची आरोही तोंडाला वाफेचा मास्क लावून पलंगावर बसली होती. सत्यवती उंबऱ्यातच थांबली. पावसाळ्यात टोपलीच्या तळाशी राहिलेल्या बांगड्याला येतो, तो वास तिथे येत होता.

"हय बुरशेचो वास येता."

"वास? तुका?" दत्तारामाच्या तोंडून निसटलं.

"माका नाय तर कोणाक येतलो? बुरशी धरलेलो बांगडो मी डोळे मिटून वळखतंय."

चाळीस वर्षं त्या नाकानेच तिचं पोट भरलं होतं. वास एसीतून येत होता, हे तिला दोन पावलांतच कळलं. तिला पहिला राग आला तो देवाचा. देवाने काहीच केलं नव्हतं. दत्तारामाने आपल्याच हाताने घराचं नाक दाबलं होतं, आणि आत कोंडलेली ओल नि धूळ ते यंत्र दिवसरात्र पोरीच्या तोंडावर फुंकत होतं. आता फक्त नारळ फोडायचा, दोन शब्द पुटपुटायचे आणि घरी जायचं. भोगू दे मेल्याला.

पण भोगत होती पोर. मास्कच्या वरून ती सत्यवतीकडे टक लावून बघत होती. सत्यवतीला स्वतःची लाज वाटली. आजवर हा सूड देवाच्या नावावर होता, आता गप्प बसली तर तिच्या नावावर होणार होता. शिवाय ती गप्प राहिली तर तिचे मासे जन्मभर गुन्हेगारच राहिले असते, आणि ते तर तिला मुळीच चालणार नव्हतं.

"स्टूल घी नि चढ," ती दत्तारामाला म्हणाली. "एसीची जाळी काढ."

जाळी निघाली ती काळ्या गोधडीसारखी. अर्धी धूळ दत्तारामाच्या टकलावर पडली.

"ही कधी धुतलंस?"

"धुवची आसता?" दत्ताराम म्हणाला.

सत्यवतीला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. "गाऱ्हाणा मागे घेतंय. पण ही जाळी तू सोता धुवची, भायर नळार, सगळ्यांच्या समोर. आतला धुवक मेकॅनिक बोलव. खिडक्यो उघड. आणि माझे बांबू होते थंयच परत लाव."

दत्तारामाने सगळं केलं. नळावरून काळं पाणी वाहताना अर्धी वाडी बघायला जमली होती. बांबू रोवून झाले, तशी सत्यवतीने बांगड्यांची पहिली रांग मुद्दाम त्याच्या उघड्या खिडकीखाली लावली. बस आता वास घेत.

तीन आठवडे गेले. एका सकाळी ती बांगडे उलटत होती. दत्ताराम पडवीत नाकाला रुमाल लावून बसला होता. त्याने एक शब्द तरी काढावा, मग त्याला दाखवते, म्हणून सत्यवती कान देऊन होती. खिडकीत आरोही आली. तोंडावर मास्क नव्हता. तिने छाती भरून श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला, आणि खोकली नाही.

"आजोबा," ती म्हणाली, "ह्यो इतको बरो वास कसलो येता?"