सिस्टरने केलेलं भाषांतर

"हे काय बोलतात ते सांगा ना सिस्टर," सकुबाई म्हणाली. "सकाळपासून तेच चाललंय."

खाटेवर गणू पडून होता. उजवा हात लुळा, तोंड किंचित वाकडं. धसईच्या घरी ओटीवर बसल्या बसल्या तो कलंडला होता. शहापूरच्या या खाजगी दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून मराठीचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. जे निघत होतं ते बायकोला कळेना, मुलाला कळेना. डॉक्टरांनाही आधी ती नुसती बडबड वाटली.

ती भाषा ओळखली जिन्सीने. जिन्सी मूळची केरळातल्या कोट्टायमची, इथे नर्स म्हणून आली आणि पेशंटांशी बोलून बोलून मराठी शिकली. सलाईन बदलताना तिला ऐकू आलं, "वेळ्ळम." पाणी. तिने चमच्याने पाणी पाजलं तेव्हा गणूच्या डोळ्यांना धारा लागल्या.

गणूची उमेदीची वर्षं मस्कतला गेली होती, एका मल्याळी माणसाच्या हॉटेलात, भट्टीवर. दोनेक वर्षांनी कधीतरी लावणीला घरी यायचा. कोविडमध्ये हॉटेल बंद पडलं, तेव्हा कायमचा परतला.

"माझा भाऊ पण तिकडेच आहे," जिन्सीने अक्षयला सांगितलं. अक्षय गणूचा मुलगा, आटगाव स्टेशनवरून रोज ठाण्याला कामाला जाणारा. "तिकडे एका भाषेत दिवस निघत नाही. मालकाशी मल्याळी, गिऱ्हाइकाशी हिंदी, पोलीस आला की अरबी. आमच्या गावात मात्र म्हातारी माणसं जन्मभर एकीवर जगतात."

"पण मराठी त्यांची आईची भाषा. ती कशी जाईल?" अक्षय म्हणाला.

त्याचं उत्तर डॉक्टरांनी दिलं. मेंदूला मार बसला की कोणती भाषा राहील ते सांगता येत नाही. कधी आईची जाते आणि मागाहून शिकलेली राहते. मराठी परत येईलही. तोवर जी आहे तिच्यात त्यांना बोलतं ठेवा, नाहीतर तीही जाईल.

तेव्हापासून जिन्सी ड्यूटी संपली तरी थोडा वेळ गणूजवळ थांबू लागली. सुरुवातीला सगळं सोपं होतं. खांदा दुखतो. चहात साखर नाही. खिडकी उघडा. ती सांगायची, सकुबाई करायची.

मग एका दुपारी गणू म्हणाला, "तंकम कुठे आहे? मुलगी जेवली का?"

जिन्सीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण गणू बोलतच राहिला. हॉटेलमागची खोली. मुलीचा शाळेचा निळा फ्रॉक. दोघी केरळला परत निघाल्या तेव्हा विमानतळावर ती पायाला मिठी मारून बसली होती. मी येतो म्हणालो होतो, तो म्हणाला, आणि गेलोच नाही.

सकुबाई त्याचे पाय तेलाने चोळत होती. "काय म्हणतात?"

"पाय दुखतात म्हणतात."

"आणि ते तंकमचं? सारखं तंकम, तंकम."

"तंकम म्हणजे सोनं," जिन्सी म्हणाली. ते खोटं नव्हतं. "आमच्याकडे लाडाने म्हणतात. तुम्हालाच म्हणत असतील, मावशी."

"मला?" सकुबाई थोडीशी हसली आणि पुन्हा पाय चोळू लागली.

ते हसू जिन्सीला सोसलं नाही. एवढी वर्षं जिने एकटीने शेती ओढली, सासूसासऱ्यांचं केलं, तिने हे आता या खाटेपाशी बसून ऐकायचं? सकुबाई नळावर गेल्याचं बघून ती गणूच्या कानाशी वाकली आणि मल्याळीत म्हणाली, "ते नाव तुमच्या बायकोसमोर पुन्हा काढू नका."

गणूने तिच्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं.

त्यानंतर तो बोलेनासा झाला. पाणीसुद्धा मागेना. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि मान हलवली. जिन्सी त्याच्याशी पावसाचं बोलली, भट्टीचं बोलली, माशांचं बोलली. तो छताकडे बघत राहायचा. आपण सकुबाईला वाचवायला गेलो आणि माणसाची उरलेली वाचा घालवली, असं तिला वाटू लागलं. घरी तिचं जेवणात मन लागेना.

"तुमी काय बोललात काय त्यांना?" सकुबाईने विचारलं.

"नाही, मावशी. कमजोरी आहे."

सकुबाई मोबाईल घेऊन जिन्याकडे गेली.

मधे जिन्सीची सुट्टी आली. परत कामावर आली त्या सकाळी वॉर्डाच्या दारातच तिला गणूचा आवाज ऐकू आला. तो बोलत होता, सलग, अडखळत, मधेच हसत. खाटेच्या कडेला परकर-ब्लाउजमधली एक शाळकरी मुलगी बसली होती, त्याचा लुळा हात मांडीवर घेऊन. शेजारी प्रवासाने चुरगळलेल्या साडीतली एक बाई डोळे पुसत होती. अक्षय त्यांची बॅग खाटेखाली सरकवत होता.

सकुबाईने थर्मासमधला चहा कपात ओतला आणि त्या बाईच्या हातात दिला. मग तिला जिन्सी दिसली.

"बरं झालं आलात, सिस्टर. तंकमला नीट समजावून सांगा, हे बरे होईपर्यंत दोघी आमच्याकडे धसईला रहा म्हणावं. एवढी वर्षं आमी दोघींनी फोनवर हिंदीत निभावलं, पण हे सांगायला माझी हिंदी नाय पुरत."