चौकटीवरचा क्रमांक

संगणक सहा, त्यांतले चालू चार. फोनची लाइन एक, तीही प्राचार्यांच्या खोलीतून खिडकीवाटे ओढून आणलेली. नोंदवलेले विद्यार्थी अडतीस, धडे बारा, महिने चार. आलेले प्रश्न शून्य.

विद्यापीठाच्या या दूरशिक्षण केंद्रातले संगणक सांभाळणाऱ्या भार्गवीनं शून्य पुन्हा तपासलं. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेल्या माणसाला शून्यावर एकदम विश्वास ठेवता येत नाही. आधी यंत्र तपासावं लागतं. यंत्र ठीक होतं. प्रत्येक धड्याच्या शेवटी पडद्यावर एक रिकामी चौकट यायची. तीत विद्यार्थ्यानं शंका लिहायची, ती फोनवरून विद्यापीठात जायची आणि आठवड्यानं उत्तर यायचं. यापुढे शिक्षक सांगणार नाही, विद्यार्थी विचारील, असं माहितीपुस्तकात ठळक अक्षरांत छापलं होतं. सांगलीचा विद्यार्थी मात्र यायचा, धडा वाचायचा आणि चौकट तशीच सोडून उठायचा.

विद्यापीठाचं पत्र टेबलावर होतं. एकतीस मार्चला सायंकाळी पाचपर्यंत अनुक्रमांकासह एकही प्रश्न न आल्यास केंद्र बंद करून संगणक परत मागवले जातील. आज एकतीस तारीख होती.

केंद्रप्रमुख सुमंत सरांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला.

"हे टाइप कर. दहा प्रश्न आहेत, दहा निरनिराळे क्रमांक घातलेत. थोडं अशुद्धही लिहिलंय, म्हणजे मुलांचं वाटेल."

"सर, पण हे प्रश्न तुमचे आहेत."

"तीस वर्षं मीच विचारतोय आणि मीच उत्तर देतोय. आणखी एक दिवस." सर खुर्चीत टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.

भार्गवीनं तीन टाइप केले. चौथ्याला हात चालेना.

दुपारी जन्नतबी आली. पस्तिशीची, दोन मुलांची आई. घरी हळद शिजवायचा हंगाम चालू होता, तरी तिनं बुधवार चुकवला नव्हता. पदराला धुराचा वास होता. उष्णतेचा धडा तिनं चाळीस मिनिटं वाचला, चौकट आली तशी पिशवी उचलली. भार्गवीनं तिच्याशेजारी खुर्ची ओढली.

"जन्नतबी, खरं सांगा. सगळं समजतं तुम्हाला?"

"सगळं कुठलं म्याडम! निम्मं बी न्हाई."

"मग विचारत का नाही?"

जन्नतबीनं सरांच्या टेबलाकडे पाहून आवाज उतरवला. "आवं, चौकटीवर आपला नंबर दिसतो न्हवं? वीस मार्क सरांच्या हातात. मला येत न्हाई म्हनून कोन लिहून देतंय? आमी खाली चहाच्या गाड्यावर विचारतो की एकमेकास्नी. तितं नंबर नसतो."

चार महिने भार्गवीनं वायर तपासली होती, सॉकेट तपासलं होतं. क्रमांक तपासला नव्हता.

प्रोग्राममधली एक ओळ तिनं पुसली. चौकटीवरचा क्रमांक गेला. बाकी काही बदललं नाही. धडा तोच, खुर्च्या त्याच, उकाडा तोच.

चहाच्या गाड्यावर ही बातमी जन्नतबीनंच पोचवली. दोन वाजेपर्यंत तीन प्रश्न झाले, साडेतीनपर्यंत चौदा. माणसं रांगेत थांबून एका बोटानं टाइप करत होती. बर्फ पाण्यावर का तरंगतो, असं एकानं विचारलं होतं. पाचवा धडा ज्यानं लिहिला त्याला तरी तो समजलाय का, असं दुसऱ्यानं. सगळ्यांचं झाल्यावर चार वाजता जन्नतबी स्वतः बसली आणि साडेचारला उठली. एकूण बावीस.

सरांनी यादी वरून खाली पाहिली. "भार्गवी, पत्रात काय लिहिलंय? अनुक्रमांकासह. हे बावीस निनावी घेऊन विद्यापीठ काय लोणचं घालणार? माझे दहा पाठव आणि घरी जा."

"म्याडम," जन्नतबी दारातून परत फिरली. "नंबरच न्हाई, तर माझं उत्तर कुनाकडं येनार?"

"कुणाकडंच नाही. उत्तर क्रमांकावर येतं."

"ह्ये बरं हाय! मग अर्धा तास बोट कशाला दुखवलं मी?"

ती पुन्हा खुर्चीत बसली. सर शेजारीच उभे होते. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि प्रश्नाखाली एकेक आकडा शोधत आपला क्रमांक घातला.

सरांनी वाकून वाचलं. 'पान्याला उकळी फुटल्यावर ते आनखी तापत न्हाई असं धड्यात हाय. हळद शिजवताना आमी उकळीनंतर बी तासभर जाळ घालतो. मग तो जाळ जातो कुठं?'

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"हे विचारायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? लाकडं मीच घालते न्हवं."

सरांनी स्वतःच्या कागदाची घडी घातली आणि ती खिशात ठेवली. भार्गवीनं सकाळी टाइप केलेले तीन प्रश्न पुसले. एसटी गाठायला जन्नतबी निघून गेली.

चार पन्नासला फोन लागला नाही. चार त्रेपन्नला लागला. पाठवायला तीन मिनिटं चाळीस सेकंद गेले, आणि चार सत्तावन्नला पडद्यावर पोच उमटली.

मिळालेले प्रश्न : बावीस. ग्राह्य : एक.