बांधापलीकडचं जिप्सम

जेसीबी बांधाला भिडला तसा नाथाजींनी हात वर केला. ओढ्यापासून खणत आणलेला चर इथवर आला होता. पलीकडे दस्तगीरचं रान. रान कसलं, मीठ फुटून पांढरंफटक पडलेलं चोपण. दस्तगीर मागच्या सालीच गेला. त्याची बायको सुगराबी बाभळीखाली शेळी चारत होती.

नाथाजी बांध ओलांडून तिच्याकडं गेले.

"भाभी, चर तुमच्या रानात वरपतोर नेतो. समदा खर्च माझ्याकडं. जिप्सम टाकलं, पानी भरलं, की मीठ सुटून चरानं ओढ्याला जातंय. रान परत कसायला येतंय."

"ठावं हाय की," सुगराबी म्हणाली. "शाहरुखचं अब्बा तुमाला हेच सांगत हुतं."

नाथाजींची मान खाली गेली. तेव्हा दस्तगीर किती खेपा दारात आला होता! आधी जिप्समची पोती आणून ठेवली, मग ओढ्यापर्यंत चर न्यायला नाथाजींच्या उसातून वाट मागत फिरला. "येडा हाय," म्हणून नाथाजी चारचौघांत हसले. चार सऱ्या ऊस मोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. नाथाजी ठेच बघूनही हसले. मिठाला कुठला बांध कळतोय? यंदा त्यांचाच ऊस गुडघ्याएवढा राहिला.

"तवा माझं चुकलं, भाभी. आता तरी न्हाई म्हणू नका."

"न्हाई कुठं म्हणतीया? खणा की. पर कसणार कोण? शाहरुख तासगावात बेदाण्याच्या शेडवर लागलाय. म्हणतो, त्या मिठापायी अब्बा झुरलं, मी न्हाई यायचा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नाथाजींना वाटलं.

तिनं बाभळीच्या बुंध्याकडं बोट केलं. पोती कधीच कुजून गेली होती, आतलं जिप्सम पोत्यांच्याच आकारात घट्ट बसलं होतं. वर वाळलेलं पाचट.

"तेवढं न्या. तुमच्या रानाला व्हईल. दर पावसाळ्याआधी वरनं पाचट झाकायचं शाहरुखचं अब्बा. म्हनायचं, भिजायला नगं, नाथाजीभाऊ आज ना उद्या वाट देतील."

"आबा, पुढं घेऊ का?" बांधावरून ड्रायव्हर ओरडला.

नाथाजी ढिगापाशी बसले होते. त्यांनी एक ढेकूळ उचललं, दोन्ही हातांत धरून दाबलं. ते फुटेना.