बाहेर ठेवून या

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावातल्या त्या इंडियन ग्रोसरीच्या दारावर 'बंदूक आत आणू नये' अशी पाटी लागली, ती वीणामुळेच. तिथल्या कायद्याला चालत असलं, तरी कमरेला उघडं पिस्तूल लटकवून कोणी शेजारी कोथिंबीर निवडायला लागलं की ती हातातली जुडी टाकून दूर सरकायची. शेवटी दुकानवाल्या जगन्नाथकाकांच्या मागे लागून लागून तिने ती पाटी लावून घेतली.

आज तसाच एक धिप्पाड माणूस आत शिरला. कमरेला पिस्तूल होतंच. बिलिंगच्या रांगेत उभी असलेली वीणा दोन पावलं मागे सरकली. हा भडकला तर? कशाला पडलो आपण या भानगडीत? काकांनी कसनुसं हसत पाटीकडे बोट दाखवलं.

"ओह, सॉरी सर!" म्हणून तो मुकाट्याने वळला, दारासमोरच्या लाल ट्रकमध्ये पिस्तूल ठेवून आला आणि फ्रोझन समोसे शोधायला लागला.

"बघितलंस? उगाच घाबरत होतीस," काका हळूच म्हणाले. "नीट सांगितलं की ऐकतात गं लोक."

वीणाच्या जिवात जीव आला. बिल देऊन, पिशव्या सावरत ती बाहेर पडली. तिची गाडी त्या लाल ट्रकच्या शेजारीच उभी होती.

ट्रकच्या खिडकीतून एक चार-पाच वर्षांची मुलगी तिच्याकडे बघून गोड हसली आणि बाबांनी सीटवर ठेवलेलं पिस्तूल दोन्ही हातांनी उचलून तिला दाखवायला लागली.