कुंकवाखालच्या गाठी

मरून पुळणीवर वाहत आलेल्या डॉल्फिनला गावाने हळदकुंकू वाहिलं होतं, हार घातला होता. पशुवैद्य हेमांगीने सुरी काढताच सुभद्राकाकी आडवी आली.

"हो आमचो देव! देवाक सुरी लावूची नाय."

हेमांगी शांतपणे वाळूत बसली. आज नमुना घेतल्याशिवाय ती उठणार नव्हती. "काकी, या कुंकवाखाली पांढऱ्या गाठी आहेत. बहुतेक बुरशीचा आजार. खाडीच्या तोंडाशी अशाच गाठी अंगावर घेऊन एक मादी फिरतेय, सोबत पिल्लू आहे. इथला तुकडा तपासला, तर तिचा आजार कळेल, उपाय शोधता येईल."

काकी डॉल्फिनपाशी वाकली. मग कुंकू पुसायला तिने पदर पुढे केला.

"थांबा! उघड्या हाताने नको." हेमांगीने तिला रबरी हातमोजे दिले. काकीने हिरव्या बांगड्या कोपराकडे सारून ते चढवले आणि गाठींवरचं कुंकू हलक्या हाताने पुसलं.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काकी, देव बाटतलो!"

"देव आजारी पडलो, तर आमी नाय बघूचा तर कोणी?" काकी कडाडली. "काप गो बाय. मी धरतंय."