टेबलाखालची टाच

जेवताना हे माझ्या भावाला म्हणाले, "हिचे पाय बधिर झालेत ना, रोज मीच तेल लावून देतो."

पाहुण्यांसमोर मी तोंड उघडलं की टेबलाखाली ह्यांची टाच माझ्या पायावर पडते आणि मी गप्प बसते, हे लग्नापासूनचं. आज मात्र बोलत सुटले. "कसलं तेल? पाय बधिर झालेत म्हटलं की म्हणतात, नाटकं पुरे!" माझ्या ऑपरेशनच्या दिवशी हे मित्रांबरोबर सहलीला गेले होते, तेही सांगून टाकलं. भावाचा घास हातातच राहिला.

तो गेल्यावर हे कडाडले, "किती वेळा पाय दाबला तुझा! कळलं नाही?"

"बधिर पायांना काय कळणार हो?"

डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी पाय केव्हाच ताळ्यावर आलेत, ह्यांना सांगितलं नाही इतकंच. आज टाच बसली की कळ थेट मस्तकात जायची, आणि मी पुढचं प्रकरण काढायचे.